आडोशाच्या खाडीत कयाकिंग आणि वन्यजीव निरीक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कयाक पाण्यात ढकलण्याआधी लोक जे जे विचारतात ते इथे एका जागी आणलं आहे. वल्हवण्याबद्दल जरूर तेवढंच लिहिलं आहे, कारण शांत पाण्यात ते लवकर जमतं. प्राणी-पक्ष्यांबद्दल मात्र हात आखडता घेतलेला नाही. खाडीत जाऊन आलो पण काहीच दिसलं नाही, असं म्हणणारे बहुतेकजण सगळा वेळ वल्हवत राहिलेले असतात.

आडोशाची खाडी म्हणजे कशी जागा? तिथे खरंच धोका नसतो का?

तीन बाजूंनी जमीन आणि समुद्राकडे अरुंद तोंड. बाहेरच्या लाटा तोंडावरच्या खडकांना वळसा घालून आत येतात तेव्हा पसरतात आणि त्यांचा जोर ओसरतो. म्हणून बाहेर समुद्र खवळलेला असला तरी आत पाणी सपाट असू शकतं. नवशिक्या माणसाला आणि पिल्लं घेऊन आलेल्या प्राण्याला ही जागा एकाच कारणासाठी आवडते, हे लक्षात असू द्या. पुढे ते कामाला येईल.

धोका मात्र असतो. आडोसा सगळ्या दिशांनी नसतो. वारा थेट तोंडातून आत येत असेल तर खाडीत लाटा उठतातच, पण त्या डोळ्यांना दिसतात आणि माणूस आपसूक सावध होतो. फसवा असतो तो जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा. किनाऱ्यालगत पाणी अगदी शांत दिसतं, वल्हवणं सोपं वाटतं, कारण वारा पाठीशी असतो. परत फिरल्यावर तोच वारा छातीवर येतो आणि किनारा जवळ येता येत नाही. निघताना पाच मिनिटं उभं राहून वारा कुठून कुठे वाहतोय ते पाहा, आणि जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे थकल्यावर परतताना तो मदत करेल.

खाडीचं तोंडही जपण्याची जागा. भरती-ओहोटीचं सगळं पाणी तिथूनच ये-जा करतं, त्यामुळे ओढ तिथे सर्वांत जास्त. टोकांवरच्या खडकांवर लाटा एकवटतात, आपटतात आणि उलट फिरतात, तेव्हा पाणी कुठल्याही बाजूने उसळतं. नवीन असाल तर तोंडाकडे फिरकू नका.

मला पोहता येत नाही. जाऊ का?

जा, पण लाइफ जॅकेट अंगात हवं आणि जाणकार माणूस सोबत हवा. जॅकेट मागे बांधून ठेवलं तर त्याचा उपयोग नाही. पाण्यात पडल्यावर ते चढवणं धडधाकट माणसालाही जड जातं. बक्कल लावा आणि कुणाला तरी खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. ते हनुवटीच्या वर सरकलं तर पट्टे सैल आहेत.

कयाकमध्ये बसण्याआधी कमरेइतक्या पाण्यात जॅकेट घालून पाय उचला आणि तरंगून पाहा. निम्मी भीती तिथेच जाते. पट्टीच्या पोहणाऱ्यांनाही जॅकेटमधून सूट नाही.

कोणती कयाक घ्यावी?

दोन मुख्य प्रकार. एकीत वर बसायचं, दुसरीत आत. वर बसायची कयाक रुंद असते, साधारण ७० ते ८५ सेंटीमीटर, सहसा डगमगत नाही, आणि उलटली तरी पुन्हा चढता येतं. अंग भिजतं, एवढंच. उबदार पाण्यात, पहिल्या काही वेळांना, हीच घ्या. आत बसायची समुद्री कयाक लांब आणि अरुंद, ५५ ते ६० सेंटीमीटर रुंद. ती सरळ जाते, वेगात जाते, पाय कोरडे ठेवते, पण तिच्यातून बाहेर पडायला शिकल्याशिवाय तिच्यात बसू नये.

दोघांची कयाक घ्यायची तर पुढच्याने लय ठरवायची आणि मागच्याने दिशा सांभाळायची. हे किनाऱ्यावरच ठरवून घ्या. पाण्यावर ठरवायला गेलात तर आवाज चढतात आणि बगळे उडून जातात.

थोड्याच वेळात दंड भरून येतात. काय चुकतंय?

तुम्ही हातांनी ओढताय. वल्ह्याचं पातं पायाच्या अंगठ्याजवळ पाण्यात पूर्ण बुडवा आणि कमरेपासून वरचं अंग वळवा. हात जवळजवळ सरळच राहू द्या. पातं कमरेपाशी आलं की बाहेर काढा. त्याच्या मागे ओढत राहिलात तर कयाक नुसती डोलते. ज्या बाजूला वल्हं त्याच बाजूच्या पायाने हलकेच रेटा. वल्हं घट्ट आवळू नका. मनगटं आणि बोटं त्यानेच दुखतात.

वळायचं असेल तर पातं पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत मोठ्या अर्धगोलात फिरवा. डावीकडे फिरवलंत तर तोंड उजवीकडे वळेल.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहायलाच हवं का?

हवंच. बऱ्याचशा किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. काही ठिकाणी दिवसाला एकच भरती येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं; अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा फरक कमी. किती चढतं-उतरतं हे जागेवर अवलंबून: कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात उधाणाला पाणी १६ मीटरपर्यंत चढतं, तर भूमध्य समुद्रात बऱ्याच ठिकाणी जेमतेम हातभर.

पाणी सहा तास एकसारख्या वेगाने चढत नाही. एक जुना ठोकताळा आहे: पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात पुन्हा एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी हलतं आणि ओढ तेव्हाच सर्वांत जास्त असते. नवख्यांनी पूर्ण भरतीच्या अलीकडे-पलीकडे तासभर फिरावं.

उथळ खाडीत आणखी एक भानगड होते. ओहोटी लागल्यावर आतल्या टोकाला रेंगाळलात तर पाणी खालून निघून जातं आणि कयाक चिखलात बसते. उतरून चालू म्हटलं तर पाय मांडीपर्यंत रुतू शकतो. अशा वेळी कयाकमधून उतरू नका. वल्ह्याने रेटत खोल पाण्याच्या पन्हाळीकडे जा, आणि ते जमलं नाही तर फोन करून कळवा आणि पाणी परत येईपर्यंत कयाकमध्येच बसून राहा.

वारा किती असला की जाऊ नये?

पाण्यावर जागोजागी पांढरा फेस दिसू लागला की नवशिक्यांनी किनाऱ्यावरच थांबावं. असा फेस ताशी १२ ते १९ किलोमीटरच्या वाऱ्यात दिसू लागतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. सवय नसलेला माणूस ताशी तीन-चार किलोमीटरने वल्हवतो, तेव्हा समोरच्या वाऱ्यात तो जागच्या जागी राहू शकतो.

शाळेत शिकलेले खारे आणि मतलई वारे इथे उपयोगी पडतात. दिवसा जमीन तापते आणि समुद्राकडून खारे वारे सुरू होतात. दुपारी त्यांचा जोर असतो. म्हणून सकाळची वेळ चांगली. पहाटे मतलई वारे समुद्राकडे वाहत असू शकतात, तेवढं ध्यानात ठेवा. आणि गडगडाट ऐकू आला की पाण्याबाहेर. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

कयाक उलटली तर?

उलटेल असं गृहीत धरून आधीच सराव करा, उथळ आणि उबदार पाण्यात, मुद्दाम उलटून. कयाक सोडायची नाही; ती तरंगते आणि लांबूनही दिसते. वर बसायची कयाक असेल तर ती सुलटी करा, मध्यावर पोट आडवं टाका, पाय जोरात मारत अंग वर सरकवा, मग वळून बसा. आत बसायची असेल आणि बसायच्या खाचेवर पाणी अडवणारा पडदा लावलेला असेल तर पुढे वाका, पडद्याचा फास चाचपून ओढा, दोन्ही हात कडेला टेकवून बाहेर सरका. हे लिहायला जितका वेळ लागला त्यापेक्षा कमी वेळात होतं, पण ते हाताला माहीत असायला हवं.

दुसरी कयाक सोबत असेल तर उलटलेल्या कयाकचं पुढचं टोक तिच्या बाजूशी काटकोनात आणतात, ते टोक उचलून पाणी काढतात, मग दोन्ही शेजारी धरून पडलेल्याला चढवतात. एकट्याने न जाण्याचं हे मोठं कारण आहे.

पाणी थंड असेल तर काय वेगळं करायचं?

कपडे पाण्याच्या हिशोबाने घाला, हवेच्या नाही. बाहेर छान ऊन आणि पाणी १० अंशांवर, असं थंड प्रदेशांत वसंतात सर्रास असतं. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून नेतं. थंड पाण्यात पडल्यावर पहिला मिनिटभर श्वास आवरत नाही, धाप लागते. तेव्हा फक्त तोंड पाण्यावर ठेवायचं आणि श्वास ताब्यात आणायचा. त्यानंतर साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, तेवढ्यात कयाकवर चढायचं. शुद्ध हरपण्याइतकं शरीर थंड व्हायला बर्फासारख्या पाण्यातही साधारण तास लागतो, पण जॅकेट नसेल तर माणूस तिथवर पोचतच नाही. पाणी १५ अंशांखाली असेल तर वेटसूट किंवा त्याहून बंदिस्त सूट हवाच.

कयाकला इंजिन नाही, आवाज नाही. मग प्राण्यांना तिचा त्रास कसा होईल?

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

कयाक मुळात शिकारीची होडी आहे. आर्क्टिक किनाऱ्यांवरच्या इन्युइट आणि अल्यूशियन बेटांवरच्या उनंगन लोकांनी वाहून आलेल्या लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सागरी प्राण्यांचं कातडं ताणून ती घडवली. बुटकी, अरुंद, बिनआवाजाची. सीलला चाहूल न देता त्याच्या जवळ जाणं, हेच तर तिचं काम होतं. तुमच्याकडे आज प्लॅस्टिकची लाल-पिवळी कयाक असेल, पण आकार तोच आहे आणि चालही तीच.

इंजिनाची बोट लांबून ऐकू येते. ती येतेय, बाजूने जातेय, गेली, हे प्राण्याला कळतं. कयाक कळते ती अगदी जवळ आल्यावर. ती उथळ पाण्यातून, खडकांच्या कडेकडेने येते, म्हणजे प्राणी जिथे विसावतात तिथूनच. मध्येच थांबते, वळते, पुढचं टोक त्यांच्याकडे करते. खडकावर पहुडलेल्या सीलच्या लेखी हा दबा धरून येणारा शत्रू आहे. सीलांच्या निरीक्षणांत असंही दिसलं आहे की सरळ निघून जाणाऱ्या इंजिनाच्या बोटीपेक्षा कयाकमुळे कळप जास्त बिथरतो.

म्हणून निरीक्षकाने शिकाऱ्याच्या नेमकं उलट वागायचं. लपू नका. खडकाआडून अचानक डोकावू नका. किनारा सोडून मोकळ्या पाण्यात राहा, म्हणजे तुम्ही लांबूनच दिसाल. प्राण्याच्या दिशेने टोक करू नका. त्याला बाजूला ठेवून समांतर जा. त्याच्याकडे एकटक पाहत सरळ पुढे जाणं सोडा. हळू आवाजात बोलत असाल तर बोलत राहा, त्याने तुमचा ठावठिकाणा कळतो. फक्त वल्हं कयाकवर आपटू नका. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने. गटात असाल तर एकत्र राहा. पांगलेल्या चार कयाक म्हणजे प्राण्याच्या दृष्टीने चारही बाजूंनी घेराव.

नक्की किती अंतर ठेवायचं?

आधी त्या जागेचा नियम पाहा, तो पाळणं बंधनकारक असू शकतं. नियम माहीत नसेल तर एक अंदाज म्हणून अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचना उपयोगी आहेत: सील आणि डॉल्फिनपासून किमान ४५ मीटर, देवमाशांपासून ९० मीटर. समुद्री पाणमांजरांसाठी तिथे कयाकच्या पाच लांब्या, म्हणजे साधारण १८ मीटर, असं सांगतात.

पाण्यावर मीटर मोजता येत नाहीत. हात पूर्ण लांब करा, अंगठा उभा धरा, एक डोळा मिटा. सील किंवा डॉल्फिन अंगठ्याआड पूर्ण झाकला गेला तर अंतर बरं आहे, बाजूंनी डोकावत असेल तर मागे व्हा. लहान पक्ष्यांना हा ठोकताळा लागू नाही.

आणि आकड्यापेक्षा प्राण्याचं ऐका. पन्नास मीटरवर तो अस्वस्थ असेल तर पन्नास मीटर कमी आहेत.

तो अस्वस्थ झालाय हे ओळखायचं कसं?

विसावलेला सील डोकं टाकून पडलेला असतो, मधूनच अंग खाजवतो, जांभई देतो. एकाने डोकं उचललं तर तुम्हाला पाहिलं. तीन-चार डोकी एकदम वर आली आणि तुमच्याकडे स्थिरावली, तर तिथेच थांबा आणि हळूहळू आल्या बाजूला सरका. अंग पाण्याकडे घसटू लागलं तर उशीर झालाय. कळप एकदम पाण्यात घुसला की पिल्लं चेंगरतात, आईपासून तुटतात.

पक्षी खाणं थांबवतो, मान ताठ करतो, एका जागी उभा राहतो. सुरय पक्षी (टर्न) डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागले, सूर मारू लागले, तर तुम्ही त्यांच्या अंड्यांच्या जवळ आहात. त्यांची अंडी उघड्या वाळूवर असतात. पक्षी उठून गेला तर ऊन त्यांना भाजून काढतं, आणि अंड्यांवर कुरव (सीगल) टपलेले असतातच. चिखल्यासारखा एखादा छोटा पक्षी पंख मोडल्यागत लंगडत तुमच्यासमोर पळत असेल तर तो तुम्हाला घरट्यापासून लांब नेतोय. त्याचं ऐका आणि तिथून निघा.

कासव श्वासासाठी वर आलेलं असतं. तुम्हाला पाहून अर्धा श्वास घेऊन खाली गेलं, तर पुन्हा वर येईल तेव्हा तुम्ही तिथे नसावं.

इतकं लांब राहायचं तर मग दिसणार काय?

खूप काही, थांबलात तर. एक जागा निवडा: ओढ्याचं मुख, खडकांची सावली, खारफुटीची कड. वारा आणि प्रवाह कयाकला कुठे नेतील याचा अंदाज घ्या, म्हणजे नकळत प्राण्यांच्या अंगावर जाणार नाही. मग वल्हं मांडीवर आडवं ठेवा आणि वीस मिनिटं काही करू नका. सुरुवातीची दहा मिनिटं कंटाळवाणी जातात. त्यानंतर खाडी तुम्हाला गृहीत धरून चालते आणि ज्याचं त्याचं काम सुरू होतं.

उदाहरणार्थ राखी बगळा. उडून गेला असेल तर परत येतो, घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहतो. मान इंग्रजी एस अक्षरासारखी दुमडलेली. एक पाय इतका सावकाश उचलतो की पाण्यावर वलय उठत नाही. मान किंचित एका बाजूला कलते. मग इतका वेळ स्थिर की तुमचं लक्ष विचलित होतं, आणि नेमकी तेव्हा चोच पाण्यात जाऊन आलेली असते. मासा चोचीत आडवा. तो त्याला खेळवत फिरवतो, डोकं आतल्या बाजूला आलं की गिळतो, म्हणजे पर आणि खवले मिटून घशाला टोचत नाहीत. मानेतून खाली सरकणारा फुगवटा दुर्बिणीतून स्पष्ट दिसतो. हे पाहायला जवळ जायची काहीच गरज नसते.

कधी कधी उत्सुक सील स्वतःहून कयाकजवळ डोकं काढतो. तो आला तर येऊ द्या. वल्हं पाण्याबाहेर ठेवा, हात बाहेर काढू नका, त्याच्या मागे जाऊ नका.

डॉल्फिन दिसले की त्यांच्यामागे जावं का?

नाही. सरळ नाही.

काही डॉल्फिन खाडीत खेळायला नाही, झोपायला येतात. हवाईचे स्पिनर डॉल्फिन रात्रभर खोल समुद्रात शिकार करतात आणि दिवसा आडोशाच्या उथळ खाड्यांमध्ये विश्रांती घेतात. झोपेतही पोहतात, मेंदूचा अर्धा भाग झोपतो, अर्धा जागा राहतो. वरून पाहणाऱ्याला ते संथ फिरताना दिसतात आणि वाटतं, आपल्यासोबत फिरताहेत. लोकांनी दिवसभर घेरल्यामुळे त्यांची झोप मोडू लागली, तेव्हा २०२१ मध्ये अमेरिकेने हवाईच्या किनाऱ्यापासून दोन सागरी मैलांच्या आत त्यांच्या ४५ मीटरपेक्षा जवळ जायला बंदी केली.

तुम्ही वल्हवणं थांबवा आणि असाल तिथे राहा. ते बाजूने गेले तर तुमचं नशीब. दिशा बदलली, बुड्या लांबल्या, शेपटी पाण्यावर आपटली, तर निघायची वेळ झाली.

ओहोटीला तर नुसता चिखल दिसतो. तेव्हा जाण्यात काय अर्थ?

मला विचाराल तर हात बसलेल्यांना पक्षी पाहायला ओहोटीची शेवटची वेळ आणि भरतीची सुरुवात हीच सर्वांत चांगली, पाण्याच्या पन्हाळीत राहिलात तर. उघड्या चिखलात किडे, शिंपले, खेकडे यांची मेजवानी असते आणि पाणपक्षी त्यावर तुटून पडतात. लांब वाकड्या चोचीचा कुरल खोल बिळात चोच घालतो, आखूड चोचीचा चिखल्या दोन पावलं पळतो, थांबतो, वरचेवर टिपतो. एकाच चिखलावर प्रत्येकाच्या चोचीची खोली वेगळी.

त्यांना उठवू नका असं इतकं का सांगतो, तर यातले बरेचसे लांबच्या प्रवासात आहेत. २०२२ मध्ये बार-टेल्ड गॉडविट जातीचा एक लहानगा, त्याच वर्षी जन्मलेला पक्षी अलास्कातून उडाला तो थेट टास्मानियात उतरला: ११ दिवस, सुमारे १३,५६० किलोमीटर, वाटेत ना अन्न ना विसावा. त्याचं इंधन म्हणजे निघण्याआधी अशाच चिखलात खाल्लेले किडे-शिंपले. प्रत्येक वेळी थवा उठला की त्यातलं थोडं जळतं.

उष्ण प्रदेशातल्या खारफुटीत चिखल नुसता वळवळतो. फिडलर खेकड्याच्या नराचा एक चिमटा अंगापेक्षा मोठा वाटावा असा, आणि तो वर-खाली हलवून माद्यांना बोलावतो. तुम्ही आलात की सगळे एका क्षणात बिळात. हलू नका. आधी डोळ्यांच्या दांड्या वर येतात, मग एक पाय, मग सगळा चिखल पुन्हा हात हलवू लागतो. निवटी मासे कल्ल्यांच्या पोकळीत पाणी भरून आणि ओल्या त्वचेतून श्वास घेत जमिनीवर सरपटतात, पराचा तुरा उभारून एकमेकांवर गुरकावल्यासारखे उड्या मारतात. त्वचा ओली ठेवायला मधूनच डबक्यात लोळून घेतात.

पाण्याखालचं काही दिसतं का?

पाणी स्वच्छ असेल आणि सूर्य डोक्यावर असेल तर दिसतं. पोलराइज्ड चष्मा लावा, पृष्ठभागाची झळाळी निघून जाते. समुद्रगवताच्या पट्ट्यावर हिरवी कासवं चरतात, वाळूत पाकट अंग पुरून पडलेली असते. अशा उथळ जागी वल्हं खोल मारू नका. गवत मुळापासून उपटलं तर भरून यायला वर्षं लागतात.

थंड पाण्यात केल्प शैवालाची बनं असतात. कॅलिफोर्नियातल्या एल्कहॉर्न स्लूसारख्या ठिकाणी समुद्री पाणमांजरं पाठीवर तरंगत झोपलेली दिसतात. त्यांना सीलसारखा चरबीचा थर नसतो. काही भागांत चौरस सेंटीमीटरला लाखाहून जास्त केस असलेली लव हीच त्यांची ऊब. अंग गरम ठेवायला रोज वजनाच्या सुमारे पाव हिस्सा खावं लागतं. झोपेतून उठवलं तर तेवढीच कमाई खर्ची पडते.

दुर्बीण, कॅमेरा, ड्रोन?

दुर्बीण ७ किंवा ८ पटीची, पाणी न शिरणारी, गळ्यात पट्ट्याने. १० पटीची हलत्या कयाकमध्ये स्थिर राहत नाही. कॅमेरा कोरड्या पिशवीत, पण पिशवी पायांमध्ये, हाताशी. ड्रोन नको, पक्ष्यांना तो शिकारी पक्ष्यासारखा वाटतो.

रात्री पाणी चमकतं असं ऐकलंय. खरं का?

खरं. डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव पाणी ढवळलं की निळसर प्रकाश सोडतात. प्वेर्तो रिकोजवळच्या व्हिएकेस बेटावरची मॉस्किटो बे ही खाडी त्यासाठी जगप्रसिद्ध आहे. अरुंद तोंड, उथळ पाणी आणि भोवती खारफुटी, त्यामुळे हे जीव बाहेर वाहून जात नाहीत. अमावास्येच्या आसपास जा. चांदण्यात ते फिकं दिसतं. अंगाला लावलेली मलमं आणि कीटकनाशकं पाण्यात उतरतात, तेव्हा हात बुडवायचा मोह टाळा, वल्ह्यानेच पुरेसं उजळतं. रात्री वाटाड्याशिवाय जाऊ नये, आणि दुसऱ्या बोटींना दाखवायला पांढरा दिवा हाताशी हवा.

लहान मुलांना न्यावं का?

अंगाला नीट बसणारं जॅकेट मिळत असेल आणि मूल सांगितलेलं ऐकत असेल तर मोठ्या माणसासोबत दोघांच्या कयाकमध्ये न्या. फेरी तासाभराची ठेवा. मुलांच्या हाती दुर्बीण द्या, वल्हं मागाहून.

सोबत काय काय असावं?

पाणी, टोपी, लांब बाह्यांचा सदरा (पाण्यावरून उलटणारं ऊनही भाजतं), जॅकेटला बांधलेली शिट्टी, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत फोन, कोरडे कपडे. शिट्टीचे तीन लागोपाठ आवाज म्हणजे मदत हवी. लांब जाणार असाल तर बोटींवर बोलायला वापरतात तो व्हीएचएफ रेडिओ. संकटासाठी त्यावर १६ नंबरचं चॅनेल असतं. किनाऱ्यावरच्या एकाला कुठे जाताय आणि कधी परताल ते सांगून ठेवा, आणि परतल्यावर त्याला कळवायला विसरू नका.

प्राण्यांसाठी खाऊ मात्र घेऊ नका. माणसाकडून खायला शिकलेला प्राणी बोटींच्या जवळ येऊ लागतो आणि इंजिनाच्या पंख्यात सापडतो.

किनाऱ्यावर सीलचं एकटं पिल्लू दिसलं. काय करू?

लांबूनच निघून जा. सीलची आई पिल्लाला किनाऱ्यावर ठेवून मासे धरायला जाते आणि तासन्‌तास येत नाही. तुम्ही जवळ बसून राहिलात तर ती येणारच नाही. पिल्लाला पाण्यात ढकलू नका, अंगावर पाणी ओतू नका, उचलू नका. जखम दिसत असेल, जाळं गुंडाळलेलं असेल किंवा दुसऱ्या दिवशीही ते तिथेच एकटं असेल तर तिथल्या वन्यजीव खात्याला किंवा बचाव केंद्राला जागा आणि वेळ कळवा. लांबून काढलेला फोटो त्यांना उपयोगी पडतो.

परतल्यावर कयाकची काय काळजी घ्यायची?

गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः पायटेकणं आणि खिळे. खाऱ्या पाण्याने ते गंजून अडकतात. झाकणं उघडी ठेवून सावलीत वाळवा. चिकटलेलं शैवाल, चिखल आणि शिंपले तिथेच काढून टाका आणि दुसऱ्या खाडीत न्यायच्या आधी कयाक, वल्हं, बूट, सगळं पूर्ण कोरडं होऊ द्या. एका पाण्यातले जीव दुसऱ्या पाण्यात पोचून तिथल्यांच्या मुळावर येतात, आणि ओल्या कयाकमध्ये ते दिवसेंदिवस तग धरतात.